वाईतील एक उन्हाळा

उन्हाळ्याच्या सुटीत हवा खावयास निघालेली मंडळी वाईस फारशी थांबत नाहीत. पुण्याहून निघालेली मोटार खंबाटकीचा घाट ओलांडून सुरूरपाशी उजवीकडे वळते, आतील मंडळी ढोल्या गणपतीस धावता नमस्कार घालतात, आणि पसरणीच्या घाटाने थेट पाचगणी गाठतात. वैशाखात वाईचे ऊन सोसवत नाही हे खरे. परंतु ज्यांचे घरच वाईस आहे त्यांस थंड हवेचा विचार करण्याचे कारण पडत नाही, आणि ज्यांच्या घराची वाटणी ठरली आहे त्यांस तर मुळीच नाही. यंदा मधल्या आळीतील आमच्या वाड्यात तिघे बंधू सहकुटुंब जमले ते याच कामासाठी.

आईने आपल्या लेकीची स्तुती चारचौघांत करू नये असा संकेत आहे. वाचकभगिनींनी तो आजच्यापुरता बाजूस ठेवावा.

कन्येला तेरावे वर्ष चालू आहे. शिक्षण सारे पुण्यात झालेले. त्यामुळे वाई म्हणजे चार दिवसांचे आजोळ-पणजोळ एवढीच तिची समजूत. अक्षय्य तृतीयेच्या आधी दोन दिवस आम्ही पोहोचलो व सासूबाईंनी तिला चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे करावयास पिटाळले. गणपती आळी, धर्मपुरी, गंगापुरी अशा तिन्ही ठिकाणी ती भर दुपारी उंबरठे झिजवून आली. प्रत्येक दारी एकच प्रश्न, “कोणाची ग तू?” आणि उत्तर देताना बापाचे नाव पुरत नाही, आजोबांचे सांगावे लागते, कोठे कोठे पणजोबांचे. आंब्याची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे यांचा थाट उत्तम झाला. पण तिच्या डोक्यात तो प्रश्न राहिला.

पुढे कुरडयांचे दिवस आले. तीन दिवस भिजवलेला गहू वाटायचा, गाळायचा, सत्त्व खाली बसू द्यायचे आणि पहाटे उठून चीक शिजवायचा. सोऱ्या दाबण्याचे काम मुलांचे. माळवदावर उन्हात बसून कुरडया राखण्याचे कामही त्यांचेच, व त्यात राखण्यापेक्षा ओल्या कुरडया खाण्याचाच भाग अधिक.

सकाळी मात्र आळीतील एक वृद्ध गुरुजी मुलांना तासभर मोडी शिकवीत. हा उपक्रम वाईस शोभणारा आहे. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, त्यातील पानिपतच्या काळचे कागद वाईतल्याच एका घरात सापडले होते. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढावयाची आणि मग हात न उचलता अक्षरे तिला टांगत जावयाचे. शब्द तोडावयाचे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाची फिकीर करावयाची नाही. शुद्धलेखनात मार खाणाऱ्या मुलांना ही लिपी विशेष आवडली यात नवल नाही. गुरुजींची पद्धत अशी की, पत्रे आधी वाचू नयेत, जमाखर्च वाचावा; कारण कीर्दीत तेच ते शब्द पुनःपुन्हा येतात आणि डोळा लवकर सरावतो. एके दिवशी ते साऱ्यांना मेणवलीस घेऊन गेले. नाना फडणिसांचा वाडा, कृष्णेवरचा घाट आणि १७३९ च्या वसईच्या स्वारीतून आलेली ती प्रचंड घंटा मुलांनी पाहिली. नानांचे दप्तर मात्र आता तेथे नाही, पारसनिसांनी ते मिळवून प्रकाशात आणले, असे गुरुजींनी सांगितले तेव्हा कन्येने विचारले, “मग आपल्या माडीवरच्या पेटाऱ्यात काय आहे?”

त्या पेटाऱ्याचा निकाल खरे म्हणजे लागलेला होता. जमिनीचे कागद वकिलाकडे गेले होते. राहिलेले रुमाल कसरीने खाल्लेले, वाचता कोणास येत नाहीत, तेव्हा रद्दीत घालावे, असे थोरल्या भावोजींचे मत. आणि त्यास कोणी विरोध केला नव्हता. कन्येने एक रुमाल मागून घेतला. शके १८३३ ची, म्हणजे १९११ सालची कीर्द. तांदूळ, गूळ, तेल, न्हाव्याचे बलुते, असे आठ दिवस चालले. नवव्या दिवशी तिने ओसरीवर येऊन विचारले, “आजी, हिंगण्याला आपले कोण होते? दर महिन्याला मनिऑर्डर आहे. ‘किरकोळ’ खाली लिहिली आहे.”

हिंगणे म्हणजे अण्णासाहेब कर्व्यांचा विधवाश्रम, हे आम्हा मोठ्यांच्या ध्यानात आले आणि सुपारी कातरणारे हातही थांबले. कीर्दीत नावही होते: कन्येच्या पणजोबांची आत्या. ओसरीवर चौकटीत लावलेल्या वंशावळीत हे नाव नाही. तेथे फक्त मुलगे आहेत. सासूबाई बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “त्या कुठेशा मास्तरीण होत्या, असे लग्न होऊन आले तेव्हा एकदा कानावर आले होते. पण विचारायची सोय नव्हती.” बालविधवा बहिणीला शिकावयास धाडणाऱ्या त्या भावाचे धैर्य मोठे, की तो खर्च ‘किरकोळ’ म्हणून दडविण्याचे त्याचे भय मोठे, यावर त्या रात्री जेवताना पुष्कळ वाद झाला. मला स्वतःला दोन्ही एकाच माणसात असावीत हेच खरे वाटते.

वाटणी ठरल्याप्रमाणे झाली. माजघर मधोमध भिंत घालून तुटणार आहे, त्याला इलाज नाही. रुमाल मात्र तीन घरांत वाटावयाचे नाहीत असे थोरल्या भावोजींनीच सांगितले. ते पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवावयाचे आहेत. तत्पूर्वी याद करण्याचे काम कन्येकडे आले. एकेचाळीस रुमाल भरले, त्यांतील दोन तिने पुरते वाचले आहेत. वंशावळीत पेन्सिलीने एक फांदीही तिने काढली. कोणी पुसली नाही.

निघताना सासूबाईंनी कुरडयांचा डबा माझ्या हाती दिला आणि नातीला बजावले, “दिवाळीत आलीस की माझ्या सासूबाईंच्या लग्नाचे साल काढ. सोने किती घातले होते ते एकदा कळू दे.”