गाडी ऑइल पिते, आपण चहा!

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा टुरिस्टांच्या यादीतला स्पॉट नाही, हे आधीच मान्य. इथे कुणी हनिमूनला येत नाही. पण गाडी हा तुमच्या जिव्हाळ्याचा विषय असेल, तर बॉस, याहून भारी एरिया नाही! टेल्को इथे आली साठच्या दशकात. बजाजच्या स्कूटर आकुर्डीतून निघू लागल्या त्याही त्याच सुमारास. पुढे चाकणला माळरानावर फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या (२००९), पाठोपाठ महिंद्रा. त्यामुळे इथल्या प्रत्येक सोसायटीत एक तरी रिटायर्ड फिटर, टर्नर किंवा टूलरूमवाले काका असतातच. इंजिनाबद्दल त्यांचं ठाम मत असतं आणि ते सगळ्यांना फुकट मिळतं.

अशा या पट्ट्यात मी एक हजार किलोमीटर मोजून फिरले. मग आणखी एक हजार. मग पुन्हा एक हजार. हौस म्हणून नाही हं. माझी गाडी ऑइल पीत होती आणि वॉरंटी संपायला चार-साडेचार महिने उरले होते.

गाडी कुठल्या कंपनीची, ते सांगत नाही. कुठल्या कारखान्यातून आली, तेही नाही. पेट्रोलवर चालते, तेव्हा पावणेतीन वर्षांची होती आणि ३४ हजार किलोमीटर झाले होते, एवढं पुरे. सर्व्हिसिंग दर दहा हजारांना. पण तीन हजार होत नाहीत तोच डिपस्टिकवरचं ऑइल खालच्या खुणेच्याही खाली! पार्किंगमध्ये तेलाचा एक थेंब नाही. म्हणजे गळती नाही, सगळं आतच जळतंय.

सर्व्हिस सेंटरमध्ये पहिला प्रश्न आला, "मॅडम, सर आलेत का सोबत?" सर नाहीत, गाडी माझी आहे, म्हटल्यावर दुसरं वाक्य, "मग टेन्शन घेऊ नका, नॉर्मल आहे. सगळ्याच गाड्या थोडं ऑइल खातात." एक लीटर टॉप-अप, बिल माझ्या नावावर, वर टिश्यू बॉक्स फ्री!

"थोडं खातात" हे खोटं नाही, आणि गोची तिथेच आहे. सोसायटीतल्या काकांनी (चाळीसेक वर्षं पिंपरीतल्या कारखान्यात काढलेली) मला चहाच्या कपात बशी बसवून पिस्टन समजावला. पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन गॅसला खाली येऊ देत नाहीत. तिसरी ऑइल रिंग. ती सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून परत खाली पाठवते. एक पातळ थर मात्र मागे राहायलाच हवा, नाहीतर पिस्टन भिंतीला घासून जाम होईल. तो थर थोडाथोडा जळतो. हे झालं नॉर्मल. पण हल्ली मायलेजसाठी रिंगा बारीक आणि कमी ताणाच्या करतात, ऑइलही पाण्यासारखं पातळ. त्या तिसऱ्या रिंगजवळची इवलीशी भोकं कार्बनने बुजली, की खरवडलेल्या ऑइलला परत जायला वाटच उरत नाही. मग ते वर जाऊन जळतं. दुसरी वाट व्हॉल्व्हच्या सीलमधून. टर्बो असेल तर त्याचंही सील आहेच.

"पोरी, तुझ्या बाबांची चेतक तर ऑइल जाळायचीच की," काका म्हणाले. खरंच! टू-स्ट्रोकच्या जमान्यात पेट्रोलमध्ये लीटरमागे वीसेक मिली ऑइल आपणच ओतून घ्यायचो आणि मागे निळा धूर सोडत शाळेत जायचो. फरक इतकाच, की तिथे जळणं हा डिझाइनचा भाग होता. फोर-स्ट्रोक कारच्या मागे निळसर धूर दिसला, की समजायचं काहीतरी बिघडलंय. सकाळी स्टार्ट करताना किंवा सिग्नलवर बराच वेळ थांबून निघताना धूर आला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आला, तर रिंगांवर. आणि धूर दिसलाच नाही म्हणून निर्धास्त राहू नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराचसा धूर पोटात घालतो आणि त्यापायी हळूहळू स्वतःच खराब होतो.

मग थोडं आणि जास्त यातली रेघ कुठे? ती मॅन्युअलमध्ये असते, शेवटच्या पानांच्या आसपास, जिथे आपण कधीच जात नाही. माझ्या मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं: १००० किलोमीटरला अर्ध्या लीटरपर्यंत. आकडा ऐकून काकांच्या भुवया वर गेल्या. पण बाहेरच्या देशांतही रेघ याच्याच आसपास आहे. अमेरिकेत टोयोटाने २००७ ते २००९च्या काही कॅमरींना पिस्टन आणि रिंगा फुकट बदलून दिल्या, त्यासाठी गाडीने १२०० मैलांत एक क्वार्ट ऑइल खाल्लेलं दाखवावं लागायचं. आपल्या हिशोबात तेही १००० किलोमीटरला साधारण अर्धा लीटरच.

म्हणजे "गाडी ऑइल खाते हो" असं कितीही कळवळून सांगितलं तरी उपयोग शून्य. आकडा हवा, आणि तो त्यांच्याच जॉब कार्डवर हवा.

यासाठी ऑइल कन्झम्प्शन टेस्ट नावाची गोष्ट असते. तुम्ही मागितल्याशिवाय ती कुणी सुचवत नाही. मी मेल पाठवून मागितली, कारण तोंडी बोलण्याला तारीख नसते. गाडी गरम करायची, सपाट जमिनीवर उभी करून थोडा वेळ थांबायचं, ऑइल बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरायचं. ड्रेन प्लग आणि फिलर कॅपवर रंगाची खूण करून सील. ओडोमीटरचा आकडा जॉब कार्डवर. मग हजार किलोमीटर चालवून परत तिथेच, पुन्हा तसंच थांबून, मापाच्या भांड्याने ऑइल भरायचं. जेवढं भरलं तेवढं प्यायलं. प्रत्येक पायरीचा फोटो मी काढला. अ‍ॅडव्हायझर वैतागला, काढू दिला.

आणि सुरू झाली माझी चाकण यात्रा.

घर प्राधिकरणात, ऑफिस महाळुंग्याला. सकाळी त्रिवेणीनगर, तळवडे, इंद्रायणीचा पूल, निघोजे. संध्याकाळी कंपन्या सुटल्या की कुठला रस्ता कमी तुंबलाय ते फोनला विचारायचं आणि फोनने दाखवलेल्या दुसऱ्या रस्त्यावर तुंबायचं. चाकणमार्गे आलं तर तळेगाव चौक, आंबेठाण चौक, मग नाशिक हायवेला कुरुळी, चिंबळी, मोशी. चौकात बाजूला नव्याकोऱ्या गाड्यांनी लादलेला ट्रेलर, पलीकडे कांद्याची पिकअप, मध्ये कंपनीच्या बसमध्ये झोपलेली सेकंड शिफ्ट. चाकणचा कांदा-बटाटा बाजार कारखान्यांच्या आधीपासून प्रसिद्ध, आणि तो अजूनही स्वतःच्या वेळेनेच चालतो. ट्रेलरने हॉर्न कितीही वाजवू देत!

एकदा चौक पूर्ण ब्लॉक होता म्हणून गाडी लावून संग्रामदुर्ग बघून आले. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी याच छोट्याशा भुईकोटात शाहिस्तेखानाच्या फौजेला दोनेक महिने रोखून धरलं होतं. आता थोडी तटबंदी उरलीय, भोवती गाव. शंभरदा इथून गेलेल्या माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना किल्ला कुठे आहे तेच माहीत नाही.

त्याच आठवड्यात डॅशबोर्डकडे नीट लक्ष गेलं. टेस्टचे ६०० किलोमीटर झाले होते आणि सरासरी वेग दाखवत होता ताशी २०! म्हणजे एक्स्प्रेस-वेवर ८०च्या सरासरीने जे हजार किलोमीटर साडेबारा तासांत होतात, त्यासाठी माझं इंजिन पन्नास तास चालणार. मॅन्युअल किलोमीटर मोजतं, रिंगा मोजतात तास. शिवाय गाडी जागेवर उभी राहून इंजिन चालू असतं, तेव्हा थ्रॉटल जवळपास बंद असतो. आत व्हॅक्युम तयार होतो आणि तो सीलजवळून, रिंगांजवळून ऑइल वर ओढत राहतो. तळेगाव चौकातली चाळीस मिनिटं ओडोमीटरवर शून्य, ऑइलच्या खात्यात मात्र जमा.

ऑफिसात सल्ल्यांचा पाऊस. जाड ग्रेडचं ऑइल घाल. (नको. मॅन्युअलबाहेरचं ऑइल घातलं की कंपनीला आयतं कारण मिळतं.) कुदळवाडीतून हाफ इंजिन उचल, आपला माणूस आहे. चिखली-कुदळवाडीची भंगार गोडाऊनं म्हणजे एकेकाळी जगातला कुठलाही पार्ट मिळण्याची जागा. फेब्रुवारी २०२५मध्ये महापालिकेने तिथली शेड मोठ्या प्रमाणावर जमीनदोस्त केली, तरी सल्ला मात्र अजून उभाच आहे! वॉरंटीतल्या गाडीसाठी तो सगळ्यात घातक. बाहेर कुणी इंजिन उघडलं, की क्लेम तिथेच संपला म्हणून समजा.

हजार पूर्ण. माप पडलं ८०० मिलीचं. मी खूश, अ‍ॅडव्हायझर गप्प. चार दिवसांनी कंपनीच्या इंजिनिअरचा निरोप: "सिटी ट्रॅफिकमध्ये एवढं होतंच."

बघा, कारण खरं होतं. मीच तर डॅशबोर्डवर वाचलं होतं. पण मॅन्युअलमधल्या त्या ओळीत ट्रॅफिकचा अपवाद कुठे आहे? आणि गाडी विकताना मला आल्प्सचा घाट दाखवला नव्हता, पिंपरीच्या शोरूममधून याच रस्त्यावर काढून दिली होती. एवढंच मेलमध्ये लिहिलं, सोबत मॅन्युअलच्या पानाचा, जॉब कार्डचा आणि सरासरी वेगाचा फोटो. भाषा सभ्य. कॉपी कंपनीच्या कस्टमर केअरला.

पुढच्या पायऱ्याही वाचून ठेवल्या होत्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला पुणे. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच, फी दहा ते वीस लाखांच्या गाडीला ४०० रुपये. मुदत दोन वर्षं. दोष तपासल्याशिवाय कळणार नसेल तर आयोग लॅबकडे पाठवू शकतो. फक्त "नवी गाडीच द्या" असं स्वप्न बघू नका. क्लचच्या एका केसमध्ये २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की वॉरंटी पार्ट बदलून देण्याची असेल तर मिळेल तो पार्ट, अख्खी गाडी नाही. माझ्यावर ती वेळ आली नाही. पण बाहेरून काम करायचं तर एस्टिमेट लाखाच्या घरात होतं. तेव्हा वाचलेलं बरं!

उत्तर आलं: नवीन ऑइल टाकून टेस्ट पुन्हा करा. पुन्हा सील, पुन्हा तळवडे, पुन्हा निघोजे. या वेळी वॉरंटीचे दिवस आकड्यांत दिसत होते, म्हणून रविवारीही गाडी बाहेर काढली. शिंदे-वासुलीजवळचा भामचंद्र डोंगर तेव्हाच झाला. तुकाराम महाराजांनी चिंतनासाठी निवडलेली ही जागा. गुंफेपर्यंत चढून जायचं, घाम पुसायचा आणि मागे वळायचं. खाली कंपन्यांची लांबच लांब छतं आणि मधून मुंग्यांसारखे ट्रेलर. वर इतकी शांतता, की खालचा हॉर्नसुद्धा ओळखू येतो. पुण्याच्या मित्रमैत्रिणींनो, दर वेळी लोणावळाच कशाला? एकदा इथे या. फक्त सकाळी लवकर या आणि रविवारी या.

दुसरं माप ८५० मिली. या वेळी "नॉर्मल" शब्द आला नाही. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह सील, सगळं वॉरंटीत मंजूर. अकरा दिवस गाडी आत होती. मी कंपनीच्या बसने गेले आणि जन्मात पहिल्यांदा निघोज्यात झोपले. परत घेताना जुने पिस्टन दाखवा म्हटलं. ऑइल रिंग खोबणीत अक्षरशः चिकटून बसली होती, बाजूची भोकं काळी, बुजलेली. काकांनी फोटो झूम करून पाहिला आणि नुसतं "हं" म्हणाले. त्यांच्याकडून हे मोठं सर्टिफिकेट!

तिसरी टेस्ट मी स्वतःच लावली, कामानंतरची. पहिल्या दोनेकशे किलोमीटरमध्ये रोज सकाळी डिपस्टिक, पार्किंगमध्ये, ऑफिसच्या कपड्यांत. (एक सूचना: डॅशबोर्डवरचा लाल ऑइल दिवा प्रेशरचा असतो, लेव्हलचा नाही. तो लागेपर्यंत थांबलात तर इंजिनाला उशीर झालेला असतो. महिन्यातून एकदा पट्टी बघायला दोन मिनिटं लागतात.) हजाराला आकडा आला शंभरेक मिली. बदललेल्या पार्टची वॉरंटी किती, ते जॉब कार्डवर लिहून घेतलं, सहीसकट.

मूळ वॉरंटी संपली त्या संध्याकाळी मी तळेगाव चौकात होते. चाळीस मिनिटं, इंजिन चालू.