माल्टाहून अयोध्येला

चौथ्या मजल्यावर कॉलेजची मुलं भाड्याने राहतात. परवा संध्याकाळी त्यांचं दार किलकिलं होतं आणि जिनाभर तो वास पसरला होता. शेजारच्या काकूंनी पदर नाकाला लावला, "काय जळतंय हो?" म्हणाल्या. तिने खांदे उडवले. काय जळतंय ते तिला बरोबर कळलं होतं. मिरजेला दारामागच्या खुंटीवर मामाचा खाकी सदरा लटकलेला असायचा, त्याला दर एकादशीनंतर हाच वास यायचा.

मामा नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून होता. दिवसभर पोत्यांत परखी खुपसायची, आतलं धान्य हातावर घ्यायचं, पावती फाडायची. त्यामुळे स्मगलिंगचा सिनेमा लागला की तो पहायचाच, आणि पाहताना धंद्यातल्या माणसासारखा चुका काढायचा. 1976 साली रामानंद सागर यांचा 'चरस' आला तेव्हा त्याने भाचीला सोबत नेलं. घरी सांगितलं, धर्मेंद्र-हेमामालिनीचा आहे. नाव सांगितलं नाही.

तिला त्यातलं काय आठवतं? इदी अमीनने युगांडातून हाकललेलं कुटुंब, अजितचा काळीचरण, 'शोले'नंतरचा अमजद खान, आणि माल्टाचा न संपणारा निळा समुद्र. माल घेऊन जाणारी नटी, तिच्या मागावरचा नायक. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून नुकताच बाहेर पडलेला टॉम ऑल्टरही त्यात होता, त्याचा हा पहिला सिनेमा. पण हे तिला फार पुढे कळलं. तेव्हा मात्र कानाशी मामाचं चाललेलं, "असं कुठं असतंय व्हय? सामान न उघडता सोडतात? आमच्या नाक्यावर गुळाची ढेप सुटत नाही." पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून पाहिलं तरी मामा थांबला नाही.

पडद्यावरची चरस दूर परदेशात होती, सुटाबुटातल्या माणसांच्या हातात. आणीबाणीचे दिवस होते, हाजी मस्तानसारखी मंडळी आत होती, त्यामुळे तस्कर पकडला जाताना टॉकीजमध्ये टाळ्या पडल्या. टाळ्या मामानेही वाजवल्या. मग भाचीला घरी सोडून तो मठात भजनाला गेला. तिथे मागच्या अंगाला चिलीम फिरायची. चिलमीला ओलं फडकं गुंडाळायचं, एक झुरका घ्यायचा, पुढे द्यायची. महाराष्ट्रात 1949च्या दारूबंदी कायद्याने गांजालाही मनाई होती, पण मठात ते कुणाच्या गावीही नव्हतं. टाळ्या आणि चिलीम यांत मामाला काहीच विसंगत वाटलं नसणार, आणि तिला आजही त्यावरून त्याला धारेवर धरावंसं वाटत नाही.

इथे इंग्रज सरकार मध्येच डोकावतं, त्याला इलाज नाही. 1893-94 साली त्यांनी भांग-गांजा-चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. हजाराहून जास्त साक्षी झाल्या, अहवालाचे सात खंड निघाले, आणि निष्कर्ष असा की बेताने घेणाऱ्याला फारसा अपाय नाही, सरसकट बंदी नको. त्या काळी अहमदनगर जिल्ह्यात गांजाची रीतसर शेती होती. देशभराचा कडक कायदा आला तो थेट 1985 साली. त्यातही झाडाचे शेंडे गुन्ह्यात गेले आणि नुसती पानं सुटली, म्हणून भांग अजून उजळ माथ्याने विकली जाते. पोत्यात परखी घालणाऱ्या मामाला ही वर्गवारी फार आवडली असती.

राग तिला आजीचा आहे. सिनेमाचं नाव आजीला दुसऱ्याच दिवशी भिंतीवरच्या पोस्टरवरून कळलं, आणि पुढची कित्येक वर्षं मामाची त्यातून सुटका झाली नाही. "पोरीला चरस दाखवून आणली" हे वाक्य लग्नकार्यात, पाहुण्यांसमोर, एकदा तर मुलगी बघायला आलेल्यांसमोरही निघालं. मामा हसून साजरं करायचा. सदऱ्याच्या वासाबद्दल मात्र आजीने कधी चकार शब्द काढला नाही. मठातून आलेला वास तो, त्याला कोण काय बोलणार?

आणि 25 जानेवारी 1987 पासून तीच आजी रविवारी सकाळी आंघोळ करून, टीव्हीला हार घालून रामानंद सागर यांच्याच 'रामायण'पुढे हात जोडून बसायला लागली.

याच्या मागची गोष्ट आणखी गमतीची. सागरांचे चिरंजीव प्रेम सागर यांनी वडिलांच्या चरित्रात ती सांगितली आहे. 'चरस'च्या चित्रीकरणासाठी मंडळी स्वित्झर्लंडला होती. तिथल्या एका कॅफेत सागरांनी रंगीत टीव्ही पाहिला आणि तिथेच त्यांनी ठरवलं की आता सिनेमा पुरे, यापुढे टीव्ही, त्यावर राम आणि कृष्ण. भारतात रंगीत टीव्ही यायला 1982 उजाडलं. म्हणजे आजी ज्याला हार घालायची, त्या 'रामायण'चं बी 'चरस'च्याच शूटिंगमध्ये पडलं होतं. हे वाचलं तेव्हा आजीही नव्हती आणि मामाही.

पण सिनेमा आणि मालिका एकाच माणसाची, एवढं तर मामाला तेव्हाही माहीत होतं. आजीला उलटून बोलायची इतकी नामी संधी, आणि त्याने ती वापरली नाही. एका रविवारी श्रेयनामावली सरकत असताना आजीने चष्मा सावरत विचारलं, "हे रामानंद सागर कुठलं रे? मोठं पुण्यवान माणूस दिसतंय."

मामाने भाचीकडे पाहिलं, प्रसादाचा शिरा तोंडात टाकला आणि म्हणाला, "पंजाबाकडचं हाय. आधी समुद्रावरचे सिनेमे काढायचं."

"सेतू बांधायचं तिथंच शिकलं असंल," आजी म्हणाली.