पक्कड, पिस्तूल आणि पितळी फिल्टर

आमच्या रेंजवर नेहमी एक वाद चालतो. काहींच्या मते स्टायरसारखे एअर पिस्तूल नाही, तर काही मोरिनीचे नाव निघाले की उभे राहतात. एकजण पार्दिनीवाला आहे. त्याने ते पिस्तूल फक्त एकदा हातात घेतले आहे, पण भांडतो सगळ्यांत जास्त. मीही एका कंपनीचा कट्टर भक्त होतो. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण पुढे जे घडले त्यात तिच्याइतकाच दोष माझाही निघाला.

नववीत असताना बाबांनी मला परदेशी एअर पिस्तूल घेऊन दिले. त्यासाठी त्यांनी मोटारसायकल बदलायचे दोन वर्षे पुढे ढकलले. त्या दिवसापासून शाळेच्या जुन्या पिस्तुलांना मी 'डबडी' म्हणू लागलो. ज्युनिअर्ससमोरही म्हणायचो. आता त्याची लाज वाटते.

अकरावीत आंतरशालेय स्पर्धेला तीन आठवडे असताना माझ्या पिस्तुलाची हवा गळू लागली. रात्री सिलिंडर भरून ठेवला की सकाळी दाबमापकाचा काटा खाली आलेला असायचा. कंपनीला ई-मेल केला. अधिकृत विक्रेत्याकडे जा, असे उत्तर आले. विक्रेत्याने दोनदा फोन उचलला, 'पार्ट मागवतो' म्हणाला आणि नंतर फोन उचलणेच बंद केले. एवढे पैसे घेतले, आता ओळखही दाखवत नाहीत, या विचाराने माझा संताप संताप झाला.

सर म्हणाले, "पिस्तूल बंद पडलंय, तू नाही पडलास. शाळेचं घे आणि सराव सुरू कर."

मी म्हणालो, "सर, त्याच्या चापाची मला सवय नाही. त्याने माझा स्कोअर पडेल."

सर पुढे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी संघाच्या यादीत माझ्या जागी नववीतल्या एका कॅडेटचे नाव होते. स्पर्धेत त्याने त्याच 'डबड्या'ने साठ छर्रे शांतपणे मारले. दहा मीटरवरच्या लक्ष्यातील दहाचे वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटरचे असते. त्याचे सगळे छर्रे काही तिथे लागले नाहीत, पण साठही छर्रे त्याने मारले. मी मागे उभा राहून त्याचा स्कोअर लिहीत होतो.

दिवाळीच्या सुट्टीत आजोळी कुंभकोणमला गेलो. आईचे माहेर तंजावरच्या मराठ्यांच्या काळापासून तिकडेच आहे. एकोजीराजांची गादी १८५५ मध्ये संपली, पण त्या काळी आलेली अनेक मराठी कुटुंबे तिथेच राहिली. आजोबा घरात मराठी बोलतात, पण मध्येच तमिळ शब्द येतो आणि आम्हां नातवंडांना हसू येते. त्यांनाही आमच्या मराठीचे हसू येते.

आजोबांकडे परवान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर आहे. तरुणपणी त्यांना वेब्ली हवे होते. पण १९८० च्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करता येईनासे झाले. त्यामुळे देशात आधीपासून असलेल्या जुन्या वेब्लींचे भाव इतके चढले की ते त्यांच्या आवाक्याबाहेर गेले. शेवटी त्यांनी आपल्या आयुधनिर्माणीचे घेतले. गंमत म्हणजे मधून मोडून उघडणाऱ्या त्या रिव्हॉल्व्हरचा आराखडाही मुळात वेब्लीवरूनच घेतलेला आहे. निवडणूक जाहीर झाली की ते जमा करण्याचा आदेश येतो. आजोबा ते पुसून, तेल देऊन पोलीस ठाण्यात नेतात, पावती घेतात आणि निकालानंतर परत आणतात. इतक्या वर्षांत त्यांना ते कोणावरही उगारावे लागलेले नाही.

मी त्यांना माझी सगळी तक्रार सांगितली. ती ऐकत ते स्वयंपाकघरात गेले आणि कॉफीचा पितळी फिल्टर घेऊन आले.

"हा आमच्या लग्नातला. दुकान केव्हाच बंद झालं. आता तक्रार कोणाकडे करू?" ते हसले. "वेळच्या वेळी कल्हई करतो, भोकं ब्रशने साफ करतो. म्हणून अजून चालतो."

मग त्यांनी तमिळनाडूतल्या हमरस्त्यांवरच्या पाट्यांची आठवण करून दिली. कोसाकोसावर 'कुंभकोणम डिग्री कॉफी' असे लिहिलेले असते. त्यातल्या कितीतरी दुकानदारांनी कुंभकोणम पाहिलेलेही नसेल. आजोबा म्हणाले, "नाव कोणीही लावतो रे. दूध, पूड आणि हात चांगला असला तर कॉफी चांगली."

त्यांनी आणखी एकच प्रश्न विचारला, "तुझ्या यंत्राबरोबर पुस्तिका आली असेल ना? वाचलीस?"

मी वाचली नव्हती. त्या रात्री मोबाईलवर ती शोधून वाचली. चौथ्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिले होते: सिलिंडर फक्त हाताने घट्ट करावा, कोणतेही अवजार वापरू नये. मी तर दर वेळी पक्कड लावून आवळत होतो. जेवढे घट्ट तेवढे चांगले, अशी माझी समजूत होती. आतली रबरी कडी मीच चिरडली होती.

सुट्टीनंतर सरांना सगळे खरे सांगितले. दाबाखालचा भाग आपण स्वतः उघडायचा नसतो, म्हणून त्यांनी पिस्तूल जाणकार आरमोररकडे पाठवले. चार दिवसांत कडी बदलून आली. खर्च एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी आला.

म्हणजे विक्रेता निर्दोष आहे असे नाही. एवढीशी कडी आठवडेच्या आठवडे न देणे चूकच आहे, आणि ग्राहकाने ते ठणकावून सांगितलेच पाहिजे. तसे पत्र मी नंतर सभ्य भाषेत लिहिले. पण माझी संघातली जागा विक्रेत्यामुळे गेली नाही. दुसरे पिस्तूल समोर असताना मी ते उचलले नाही, म्हणून ती गेली.

२५ जुलै २०२१ रोजी टोकियोत मनू भाकरचे पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडले. त्यात बराच वेळ गेला. तरीही परत येऊन तिने उरलेले सगळे नेम मारले, ५७५ गुण केले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदके मिळवली. मी मात्र फेरी सुरू होण्याआधीच माघार घेतली होती.

आता आठवड्यातून एक दिवस मी मुद्दाम शाळेच्या पिस्तुलाने सराव करतो. पहिल्या दिवशी नववीतल्या त्या कॅडेटलाच विचारले, "याचा चाप कसा दाबतोस रे?" त्याने नीट समजावून सांगितले. आधी मी त्याची माफी मागितली होती, पण ते इथे लिहायला जरा जड गेले, म्हणून शेवटी लिहिले.