गदा आणि राजीनामा

राजीनामा या शब्दाचा जो अर्थ आज आपण समजतो तो त्याचा मूळचा अर्थ नव्हे. मराठेशाहीतील न्यायनिवाड्याच्या कागदांत हा शब्द वारंवार भेटतो. परंतु तेथे कोणी अधिकारी आपली जागा सोडीत नसतो. वतनाचा अथवा हद्दीचा तंटा पंचायतीपुढे आला म्हणजे वादी व प्रतिवादी या दोघांकडून, पंच देतील तो निर्णय आपणांस मान्य राहील, असे आधीच लिहून घेत. राजीखुशीने दिलेला म्हणून तो राजीनामा. निवाडा झाल्यावर हरलेल्या पक्षाने आपली हार कबूल करणारे येजितखत लिहून द्यावयाचे, आणि मग तंटा मिटला असे समजावयाचे. एकाच शब्दाने पूर्वी पंचावरील विश्वास दाखविला जाई आणि आज पदाचा त्याग दाखविला जातो, ही भाषेची गंमत आहे खरी. परंतु या दोन अर्थांत वाटते तेवढे अंतर नाही, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

आखाड्यात उतरणारा प्रत्येक मल्ल असाच एक राजीनामा देत असतो. तो कागदावर नसतो एवढेच. ज्या क्षणी तो वाकून माती कपाळाला लावतो व प्रतिस्पर्ध्याच्या हाताला हात देतो, त्या क्षणी पंचाचा शब्द त्याने मान्य केलेला असतो. पंच काय म्हणेल हे त्याला ठाऊक नसते. तो कोणी तरी नीट पाहून नेमलेला माणूस आहे, एवढ्याच भरवशावर तो शड्डू ठोकतो. हा भरवसा तुटला म्हणजे काय होते ते आमच्या जिल्ह्याने २ फेब्रुवारी २०२५ रोजी पाहिले.

त्या दिवशी अहिल्यानगरास (आम्ही जुनी माणसे अद्याप नगरच म्हणतो) वाडिया पार्क मैदानावर महाराष्ट्र केसरी स्पर्धेचा शेवट होता. गादी विभागाच्या निर्णायक कुस्तीत पृथ्वीराज मोहोळ याने शिवराज राक्षे याला चीत केले, असा निर्णय पंचांनी दिला. आपले दोन्ही खांदे गादीला टेकलेच नाहीत, असे शिवराजचे म्हणणे. त्याचे गाऱ्हाणे कोणी मनावर घेईना, तेव्हा त्याने पंचाची गचांडी धरली व त्याला लाथ मारली. पुढे किताबाच्या कुस्तीत माती विभागातून आलेला महेंद्र गायकवाड हा, थोडेसे सेकंद शिल्लक असता, गुणदानावर रुष्ट होऊन मैदान सोडून गेला. चांदीची गदा पृथ्वीराजच्या खांद्यावर चढली, आणि राक्षे व गायकवाड यांच्यावर लगोलग तीन-तीन वर्षांची बंदी आली. दोनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या चंद्रहार पाटलांनी आपल्या गदा परत करण्याची भाषा केली. मागाहून चौकशीसाठी समिती नेमली गेली.

लाथेचे समर्थन करणाऱ्यांशी माझा वाद नाही, कारण त्यांच्याशी वाद घालण्यासारखे काही नाही. शिवराज हा नवखा नव्हता. २०२३ च्या जानेवारीत पुण्यास कोथरूड येथे हीच गदा त्याने मिळविली होती. ज्याने एकदा गदा धरली त्याने पंचावर पाय उचलू नये. त्याला शिक्षा झाली ते योग्यच झाले. परंतु त्या रात्रीपासून आमच्या गावच्या पारावर, स्थानकावरील बाकावर आणि महाविद्यालयाच्या अध्यापक-कक्षात जो प्रश्न चघळला गेला तो मल्लांच्या शिक्षेचा नव्हता. संघाच्या अध्यक्षांनी आपली जागा सोडावी की नाही, असा तो प्रश्न होता.

पुणतांब्यास हा प्रश्न विशेष रीतीने कळतो, याचे कारण आमचे गाव दौंड-मनमाड लोहमार्गावरील एक जंक्शन आहे. रेल्वेच्या गावी वाढलेल्या माणसाला सांधेवाल्याची गोष्ट सांगावी लागत नाही. कोठे अपघात झाला की पहिला संशय सांधेवाल्यावर. त्याच्या हातून सांधा चुकला असेल तर त्याने त्याचे फळ भोगावे हे खरेच. परंतु १९५६ साली महबूबनगरजवळ व पुढे अरियालूरजवळ गाड्या कोसळून प्रत्येक वेळी शंभराहून अधिक माणसे मेली, तेव्हा लालबहादूर शास्त्री यांनी रूळही बसविले नव्हते की सांधाही धरला नव्हता. तरी पहिल्या खेपेस त्यांनी राजीनामा देऊ केला, तो स्वीकारला गेला नाही. दुसऱ्या खेपेस त्यांनी तो देऊन तडीस नेला. हे उदाहरण आता इतके गुळगुळीत झाले आहे की ते देताना संकोच वाटतो. शिवाय कुस्तीत कोणी मेले नाही, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे.

पंचाची चूक ही एकट्याची चूक आहे काय, हेच प्रथम पाहिले पाहिजे. हल्लीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे गादीवरील कुस्तीत एकच पंच नसतो. एक मैदानात मल्लांभोवती फिरतो, दुसरा कडेला बसून गुण देतो, आणि तिसरा या दोघांवर प्रमुख असतो. दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकून क्षणभर तेथे दाबून धरले गेले पाहिजेत, आणि फिरत्या पंचाला तसे दिसले तरी उरलेल्या दोघांपैकी एकाची संमती त्याला घ्यावी लागते. एका माणसाच्या डोळ्यांवर निकाल अवलंबून राहू नये म्हणून ही सारी योजना. असे असता निर्णयाविषयी एवढा गहजब उडतो, तेव्हा त्याचा दोष एका शिट्टीवर ढकलता येत नाही. तो ती योजना चालविणाऱ्यांच्या दाराशी जातो. या पंचाला दोषी धरले, घरी बसविले, तरी त्याला कोणी निवडले, कोणत्या परीक्षेवर निवडले, आणि शंका निघाल्यास ती तेथल्या तेथे फेडण्याची सोय का नव्हती, हे तीन प्रश्न शिल्लक राहतातच.

आणि हे प्रथमच घडले असते तर एक वेळ सोडून देता आले असते. कोथरूडच्या त्याच २०२३ च्या स्पर्धेत सिकंदर शेख व महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत बाहेरच्या टांगेला चार गुण दिल्यावरून केवढे वादळ उठले होते, ते वाचकांस स्मरत असेल. पंचाला धमकी आल्याची तक्रारही तेव्हा पोलिसांपर्यंत गेली. त्या दिवशी ज्या महेंद्रच्या पदरात वादग्रस्त गुण पडले, तोच दोन वर्षांनी नगरास, आपल्यावर अन्याय झाला म्हणून मैदान सोडतो! यात दैवाचा खेळ पाहणाऱ्यांनी तो खुशाल पाहावा. मला त्यात एवढेच दिसते की, पहिल्या वादळानंतर ज्यांनी घर शाकारावयाचे होते त्यांनी ते शाकारले नाही. एका पंचाची एक चूक ही पंचाची. दोन वर्षे मध्ये मिळूनही तीच तक्रार पुन्हा उठणे, ही अध्यक्षांची.

संघाचे अध्यक्ष वर्ध्याचे माजी खासदार रामदास तडस हे होत. ते स्वतः एके काळचे मल्ल आहेत, आणि त्यांच्या सचोटीविषयी मला काही म्हणावयाचे नाही. किंबहुना मल्ल असल्यामुळेच, त्यांच्याकडून राजीनाम्याची अपेक्षा करणे हा त्यांचा मान आहे असे मी समजतो. नुसत्या पुढाऱ्याकडून ती कोण करील? ज्याने अंगाला माती लावली आहे त्याला ठाऊक असते की खेड्यातला एक मल्ल उभा करावयाचा म्हणजे काय. आमच्या गावच्या तालमीत एक मुलगा आहे. त्याच्या घरी जमीन बेताची. परंतु दोन म्हशींचे दूध डेअरीला न घालता त्याच्यासाठी राखून ठेवलेले असते, आणि बदामाची पुडी आली की धाकट्या बहिणीला ती फक्त मोजावयास मिळते. अशा मुलाच्या उमेदीची वर्षे किती? आठ, फार तर दहा. त्यांतील तीन एका बंदीने जातात. एखादे वर्ष एका शिट्टीनेही जाते. बंदीचा हिशेब संघाने एका रात्रीत मांडला. शिट्टीचा हिशेब मांडावयास समिती लागली.

खाशाबा जाधवांची कथा या संदर्भात मला नेहमी आठवते. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु तेथे एक दीर्घ कुस्ती संपते न संपते तोच त्यांना विश्रांतीवाचून दुसऱ्या कुस्तीस उभे केले, आणि हरकत घेण्यास आपल्या पथकाचा कोणीही अधिकारी त्या वेळी जागेवर नव्हता, ही जी हकीकत सांगितली जाते ती आपण हळू आवाजात सांगतो. अधिकाऱ्याचे काम ते काय? पदक मिळाल्यावर छायाचित्रात उभे राहणे, हे नव्हे. मल्ल दमलेला आहे, त्याला विश्रांतीचा हक्क आहे, एवढे सांगावयास तेथे असणे, हे आहे.

परदेशांत असे प्रसंग आले तेव्हा तेथील धुरीणांनी काय केले, हे माझे विद्यार्थी मला विचारतात. इंग्रजी शिकविणाऱ्याला सारे परदेश ठाऊक असतात अशी त्यांची प्रेमळ समजूत आहे. उत्तर एकसारखे नाही. इटलीत २००६ साली पंचांच्या नेमणुकांत मोठ्या क्लबांचे हात असल्याचे उघडकीस आले, तेव्हा तेथील फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष फ्रांको कारारो यांनी राजीनामा दिला, आणि युव्हेंतुससारख्या बलाढ्य क्लबाला खालच्या वर्गात उतरावे लागले. उलट अमेरिकेत २००७ साली टिम डोनही हा बास्केटबॉलचा पंच स्वतः पंच असलेल्या सामन्यांवर पैज लावीत होता असे सिद्ध होऊन तो तुरुंगात गेला. परंतु तेथील प्रमुख डेव्हिड स्टर्न हे २०१४ पर्यंत आपल्या जागी राहिले. एक पंच बिघडला, संस्था बिघडली नाही, असा त्यांचा पक्ष होता, आणि घर साफ करण्यासाठीच आपण राहिलो असे त्यांना म्हणता येत होते. हा पक्ष टाकाऊ नाही. जाणारा जातो आणि घाण तशीच राहते, असेही पुष्कळदा घडते. परंतु राहून सुधारणा करीन असे म्हणणाऱ्याजवळ पहिल्या वादळानंतर केलेल्या सुधारणेचा काही तरी पुरावा असावा लागतो. कोथरूडनंतर नगर घडल्यावर हा पक्ष आपल्याकडे कोणाला घेता येईल, ते मला दिसत नाही.

आमच्याकडील खरी अडचण निराळीच आहे, आणि तिचा उच्चार राजीनामा मागणारे करीत नाहीत. महाराष्ट्रात कुस्तीचे घर दुभंगलेले. मामासाहेब मोहोळांनी १९५३ साली स्थापिलेली कुस्तीगीर परिषद एकीकडे, २०२२ नंतर पुढे आलेला कुस्तीगीर संघ दुसरीकडे. आणि दोघांच्याही मागे राजकारणातली वजनदार माणसे. नगरची गदा दिली गेली त्याला दोन महिने झाले नाहीत तोच याच जिल्ह्यात कर्जतला परिषदेची स्पर्धा भरली, आणि वेताळ शेळके हा महाराष्ट्र केसरी झाला. एका जिल्ह्यात, एका हंगामात, दोन महाराष्ट्र केसरी! अशा स्थितीत एका बाजूच्या अध्यक्षाने जागा सोडणे म्हणजे दुसऱ्या बाजूस चीत होणे, असा अर्थ लावला जातो. आणि मग कोणीच खांदा टेकीत नाही. राजीनामा मागणाऱ्यांतही निम्मे लोक मल्लाच्या कळवळ्याने बोलत नव्हते, हे मी पाहिले आहे. तथापि मागणाऱ्याचा हेतू अशुद्ध असल्याने मागणी अशुद्ध ठरत नाही.

जागेवरून उतरणे आम्हा पुणतांबेकरांस तरी अपरिचित नसावे. आमच्या गावी चांगदेवांची समाधी आहे. चौदाशे वर्षांचा अधिकार, वाघाचे वाहन, सापाचा चाबूक असा त्यांचा थाट कथेत वर्णिला आहे. आणि तोच योगी वाघावरून उतरून मुक्ताबाईसारख्या लहान मुलीचा शिष्य झाला. त्याबद्दल आजवर कोणी त्यांना हरलेला म्हटले नाही. या गावाला पुढाऱ्यांना प्रश्न विचारण्याचीही सवय आहे. १ जून २०१७ चा शेतकरी संप येथूनच पुकारला गेला, आणि तो मागे घेतल्याची बातमी आली तेव्हा पहिला सवाल, कोणाला विचारून, असाच उठला होता.

तालमीतल्या वृद्ध वस्तादांपाशी मी हा विषय काढला. गोदाकाठच्या यात्रांतून कुस्त्यांचे हगामे भरतात, तेथे त्यांनी अनेक वर्षे पंचकी केली आहे. ते म्हणाले, “सर, हगाम्यात पंच चुकला तर लोक पंचाला बोलत नाहीत. यात्रा कमिटीच्या म्होरक्याला बोलतात. हा माणूस आणला कोणी, म्हणतात. मग त्यानं एक तर कुस्ती पुन्हा लावायची, नाही तर बरोबरीत सोडवून दोघांना इनाम वाटून द्यायचं. आणि पुढच्या साली पावती-पुस्तक दुसऱ्याच्या हातात.” यात राजीनामा हा शब्दच नव्हता. पावती-पुस्तक दुसऱ्याच्या हाती जाणे, एवढेच. म्होरक्या गाव सोडून जात नाही की तोंड लपवीत नाही. पुढच्या यात्रेला तो मैदानात पहिल्या रांगेत, पण खाली, मातीवर बसलेला असतो.

त्याच तालमीतील तो मुलगा २०२५ च्या उन्हाळ्यात वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. पुढल्या हंगामासाठी निवड-चाचणीची चौकशी करणारा अर्ज त्यांना लिहून हवा होता. मजकूर सोपा होता. वय, वजन, वस्तादांचे नाव, आजवरच्या कुस्त्या. तो झाल्यावर मी वरची जागा मोकळी ठेवून विचारले, “अध्यक्ष कोणते घालू?” मुलाने वडिलांकडे पाहिले. वडील बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “दोन प्रती करा, सर.”