लॉक झालं की नाही?

आमच्या बी.ई. प्रोजेक्टचं नाव दीड ओळीचं होतं, काम मात्र साधं. साधारण १ किलोहर्ट्झचे दोन वीन-ब्रिज ऑसिलेटर बनवायचे, मध्ये एक पॉट टाकून जोडायचे आणि ते एका तालात येतात का ते सीआरओवर, एक्स-वाय मोडमध्ये, बघायचं.

येतात! हॉयगेन्सला १६६५ सालीच शेजारी टांगलेल्या दोन लंबकांच्या घड्याळांत हे दिसलं होतं. आमची जोडी मात्र मधूनमधूनच तालावर यायची. पडद्यावरचं वर्तुळ बराच वेळ जवळजवळ स्थिर, मग अचानक चपटं होऊन डावीकडे कललेली रेघ, लगेच उजवीकडे कललेली, की पुन्हा वर्तुळ. जणू काही झालंच नाही.

सबमिशनला चार दिवस. पार्टनर म्हणाला, "अरे, स्थिर असतानाचे फोटो लाव आणि मोकळा हो." सर म्हणाले, "नॉइज असेल, सोडून द्या." मार्कांचा हिशोब धरला तर दोघांचंही बरोबर होतं. पण नुसता नॉइज असता तर निसटण्याला काही नेम नसता. इथे दर वीसेक सेकंदांनी, एसटीपेक्षा वक्तशीर!

लायब्ररीत रॉबर्ट अ‍ॅडलर सापडला (टीव्हीच्या बिनतारी रिमोटवाला तोच). त्याचं १९४६ चं समीकरण एका ओळीचं आहे. दोघांच्या फ्रीक्वेन्सीतला फरक कपलिंगच्या पकडीत मावला तर कायमचं लॉक. किंचित बाहेर गेला तर फेजमधला फरक ९० अंशांपाशी रेंगाळतो (तेच आमचं वर्तुळ!) आणि मग झटक्यात ३६० अंशांची गिरकी. फरक मर्यादेच्या फक्त १ टक्का बाहेर असेल, तर एका फेरीला कपलिंग नसतानाच्या सातपट वेळ लागतो. आम्ही कपलिंग काढून मोजलं, तीन सेकंद भरले. तीन साते एकवीस!

मग दोन रात्री लॅबमध्ये. सर्किट तासभर तापू द्यायचं, पॉट केसभर फिरवायचा, गिरक्या मोजायच्या. कपलिंग कमी करत गेलो तसं अंतर वीसवरून बारा, मग आठ. "तुझ्यामुळे माझा क्लास बुडतोय" म्हणत पार्टनरच मोबाईलचं स्टॉपवॉच धरून बसला होता.

व्हायवाला एक्स्टर्नलनी तक्ता बघितला आणि विचारलं, "म्हणजे लॉक झालं की नाही? इतका वेळ स्थिर राहतं, तर 'झालं' असं लिहायला काय हरकत होती?"

मी तोंड उघडायच्या आत पार्टनर म्हणाला, "सर, विसाव्या सेकंदाला निसटतं ना!"