उताराचे गणित

माझ्या दवाखान्याला तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी सहा इंचांची. २८ वर्षे मी त्या रोज चढलो-उतरलो. त्यांची दखल कधी घेतली नाही. गुडघ्याचा सांधा आम्ही शवविच्छेदनात उलगडून पाहिला होता. तो दुखरा गुडघा घेऊन माणूस डॉक्टरांपर्यंत पोहोचतो कसा, हे मात्र आमच्या काळी एमबीबीएसला कोणी शिकवले नाही.

दोन वर्षांपूर्वी पक्षाघातातून सावरलेल्या एका आजोबांसाठी मी सिमेंटचा उतार बांधून घेतला. गवंड्याने जागा पाहून तो सहा फुटांचा केला. आजोबा दोनदा आले, मग येईनासे झाले. मुलगाच गोळ्या लिहून नेई. केसपेपरवर मी 'तपासणीस टाळाटाळ' असा शेरा मारला. तो आज मला वाचवत नाही.

दिव्यांगांच्या हक्कांसाठीच्या २०१६ च्या कायद्यात, कलम ४७ मध्ये, डॉक्टर, परिचारिका, अभियंते, वास्तुरचनाकार अशा सर्वांच्या शिक्षणात हा विषय असावा असे म्हटले आहे. २०१९ मध्ये एमबीबीएसच्या पायाभूत वर्गातही तो आला. (कागदावरचे वर्गात किती उतरते, ते महाविद्यालयागणिक वेगळे.) त्या अभ्यासक्रमातून शिकलेली माझ्या मित्राची मुलगी गेल्या पावसाळ्यात काही दिवस माझ्याकडे बसत असे. एका दुपारी तिने मला चाकाच्या खुर्चीत बसवले आणि म्हणाली, "काका, आता वर या."

अर्ध्यावरच माझे दंड भरून आले, पुढची चाके उचलली गेली. तिने मागून धरले नसते, तर मी उताणा पडलो असतो.

"एक इंच उंचीला एक फूट लांबी हवी, काका. अठरा इंचांना अठरा फूट."

आपणही घरच्या ज्येष्ठांसाठी उतार बांधणार असाल, तर आधी टेप हाती घ्या. माझ्या अंगणात सरळ अठरा फूट नव्हते. भिंतीलगत नऊ फूट, मग सपाट वळण, पुन्हा नऊ फूट आणि दोन्ही बाजूंना कठडा, असे जमवले. आता बाळाची गाडी ढकलणाऱ्या आयाही पायऱ्यांकडे फिरकत नाहीत.

आजोबांना मी स्वतः फोन केला. ते आले. पाच मिनिटे शांत बसवून रक्तदाब मोजला. तो फारच खाली होता. वर्षभर न मोजताच मी तोच डोस लिहीत आलो होतो. हल्ली उठताना चक्कर येते, असे ते म्हणाले. मी गोळी निम्मी केली आणि तो जुना शेरा खोडला.