आमची गो-कार्ट आणि चाचांचं वेल्डिंग

मागच्या शुक्रवारी ऑफिसची टीम आउटिंग होती. गो-कार्टिंग आणि नंतर बिर्याणी. टीममधल्या एका नव्या पोराने कार्टमधून उतरल्या उतरल्या पाठ धरून विचारलं, "सर, याला सस्पेन्शनच नाही का हो?" झालं, मी सुरू झालो आणि पंधरा मिनिटं थांबलोच नाही. शेवटी तो म्हणाला, "तुम्हाला एवढं कसं माहीत?" तिथे मात्र मी बिर्याणीचा विषय काढला. का काढला, ते आज लिहून टाकतो.

मी मूळचा जालन्याचा. 'जालना सोने का पालना' असं जुने लोक म्हणतात. आमच्या वेळेपर्यंत सोन्याचं लोखंड झालं होतं. भंगार यायचं, भट्टीत वितळायचं आणि त्याच्या सळया होऊन ट्रकमधून बाहेर पडायच्या. अशा गावातला पोरगा मेकॅनिकलला गेला तर नवल नाही. (मग सॉफ्टवेअरमध्ये कसा आलो? सगळे येतात तसाच. असो.)

२००७ साली पिथमपूरला बाहा एसएई इंडियाची पहिली स्पर्धा झाली आणि त्यानंतर इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये गाड्या बनवणाऱ्या क्लबांचं पेव फुटलं. बाहाची गाडी खड्ड्यांतून उड्या मारणारी, खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा. आम्हाला परवडणारी होती ती गो-कार्ट. पाइपची चौकट, चार छोटी चाकं आणि जुन्या मोटरसायकलचं इंजिन. कार्टची जातकुळीच तशी गरीब. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने पहिली कार्ट बनवली, तीही गवत कापायच्या मशीनचं इंजिन लावून!

आमची रेस २०१३ च्या फेब्रुवारीतली. दुष्काळाचं वर्ष. गावात पाणी टँकरने यायचं, होस्टेलवर एका बादलीत आंघोळ आणि त्याच पाण्यात कपडे. औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) एका कॉलेजचा क्लब आमचा जुना दुश्मन. क्रिकेटमध्ये ते जिंकायचे, क्विझमध्येही तेच जिंकायचे. म्हटलं, निदान लोखंडात तरी जालन्याने हरायचं नाही. आमच्या पार्किंगच्या डांबरावर टायर मांडून वीस लॅप ठरल्या.

चौकटीचं ड्रॉइंग माझं होतं. वेल्डिंग केलं एमआयडीसीतल्या एका मिस्त्रीने. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. अर्धं आयुष्य ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवण्यात गेलेलं. मी कॉम्प्युटरवर समोरून धडक देऊन पाहिली, चौकट कुठे कुठे लाल दिसली. मग काय, दिसेल तिथे तिरपा पाइप टाकला. ड्रॉइंग बघून चाचा म्हणाले, "बेटा, इत्ता मत बांध. जरा झुकने दे, नई तो उछलेगी." ट्रॉलीची चेसी जास्त बांधली की खड्ड्यात जोडाच्या शेजारी फाटते, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "चाचा, ट्रॉली वेगळी, रेसिंग वेगळं." ते काही बोलले नाहीत. मी सांगितलं तसं जोडून दिलं.

आता मला कळतं ते असं. कार्टला सस्पेन्शन नसतं, म्हणजे ते काम चौकटीनेच करायचं असतं. चार पायांचं स्टूल उंचसखल फरशीवर ठेवलं की एक पाय अधांतरी राहतो ना, तसंच. चौकट थोडा पीळ खाणारी असेल तर चारही चाकं जमिनीला राहतात. शिवाय कार्टमध्ये डिफरेन्शिअल नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर घट्ट. वळताना आतलं चाक जरासं उचललं जावं लागतं, नाहीतर ते फरपटतं. ते अलगद उचलून अलगद टेकलं पाहिजे. चौकट ताठ असेल तर झटक्यात उचलतं आणि आपटतं.

आमची कार्ट आपटतच होती. प्रॅक्टिसचे पंधरा दिवस आम्ही टायरमधल्या हवेला दोष देत बसलो. रेसला अकराव्या लॅपमध्ये पुढच्या डाव्या चाकाचा ब्रॅकेट निखळला आणि कार्ट सरळ टायरच्या ढिगात. चालवणारा माझा रूममेट. मनगट मोडलं. त्याची आई दुसऱ्या दिवशी गावाहून आली.

सगळे एकच म्हणत होते, "वेल्डिंग कच्चं होतं." मी रात्री टॉर्च घेऊन तुटलेला तुकडा पाहिला. जोड जसाच्या तसा होता. पाइप जोडाच्या शेजारी फाटला होता. चाचा म्हणाले होते अगदी तिथेच. आणि मी गप्प बसलो. होस्टेलच्या कॉटचं काम चाचांना मिळणार होतं, ते दुसऱ्याला गेलं. तेव्हाही गप्पच.

गेल्या दिवाळीत जालन्याला गेलो तेव्हा धीर करून त्यांच्या शेडवर गेलो. चाचा आता स्वतः वेल्डिंग करत नाहीत, खुर्ची टाकून बसतात. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मालूम था. पाइप फटा था, जोड नई." म्हणजे त्यांनीही तो तुकडा पाहिला होता. कॉटच्या कामाबद्दल एक अक्षर नाही. एवढंच विचारलं, "वो बच्चे की माँ को किसी ने बताया क्या?"

नव्हतं सांगितलं. तेव्हाही नाही आणि दिवाळीनंतरही मी आज करू, उद्या करू करत राहिलो. त्या शुक्रवारी घरी आल्यावर मात्र रूममेटला फोन लावला. तो हसायला लागला, "अरे, मला तर वाटायचं माझंच ड्रायव्हिंग चुकलं." मग त्याने फोन आईकडे दिला. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मी तर इतकी वर्षं समजत होते की तो माणूस पिऊन काम करत असेल."

चाचांना लगेच फोन करून कळवलं की काकूंना सांगितलं. पिण्याचं वाक्य तेवढं गाळलं.

ऑफिसमधला तो पोरगा हे वाचेलच. तर बाबा, मला एवढं माहीत आहे ते असं.